माळ्यावर न जाणारी भांडी

लग्न ठरलं की याद्या सुरू होतात. साड्यांवर आठ दिवस खल होतो, दागिन्यांवर पंधरा. भांड्यांची यादी मात्र दुकानदारच करून देतो. एक मोठा कुकर, एक छोटा, पातेल्यांचा उतरता संच, कढया दोन, परात, डब्यांची उतरंड आणि वर अर्धी पंगत उठेल एवढी ताटं-वाट्या. दुकानातच मशीनने त्यांवर नाव-तारीख घातली जाते. रुखवतात ती मांडली जातात, पाहुणे निरखतात, फोटो निघतात. वर्षभरात त्यांतली निम्मी माळ्यावर गेलेली असतात, काही तर खोकंसुद्धा न फोडता. नोकरीसाठी परगावी बिऱ्हाड थाटणाऱ्यांची तऱ्हा वेगळी, पण शेवट तोच. ते मोबाइलवर एका रंगाचा, काचेच्या झाकणांचा ‘सेट’ मागवतात. त्यातल्या एका पॅनमध्ये रोजचं सगळं होतं आणि बाकीची भांडी एकमेकांत घालून ओट्याखाली पडून राहतात.

हे पुस्तक माळ्यावर न जाणाऱ्या भांड्यांविषयी आहे. घरात रोज काय शिजतं, ते कशावर शिजतं आणि भांडं घासतं कोण, यांवरून खरेदी कशी ठरवावी, एवढाच त्याचा विषय. मोजकी भांडी सांगणं हा उद्देश आहे खरा. पण मोजकी कुठली, हे प्रत्येक घराचं वेगळं निघतं. म्हणून याद्यांपेक्षा कारणांना यात जास्त पानं मिळाली आहेत.

तरी एक यादी मला फार उद्बोधक वाटते. ती कुठल्या पाककृतीच्या पुस्तकातली नाही, सरकारी आहे. महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळ नोंदणीकृत कामगारांना गृहोपयोगी वस्तूंचा संच देतं. त्यात एकूण ३० नग. चार ताटं, आठ वाट्या, चार पेले, म्हणजे निम्म्याहून जास्त जेवायचं. मग झाकणाची तीन पातेली, भाताचा एक आणि वरणाचा एक मोठा चमचा, दोन लिटरचा जग, सात खणांचा मसाल्याचा डबा, झाकणाचे तीन मोठे डबे, परात, पाच लिटरचा स्टीलचा कुकर, स्टीलची कढई आणि वगराळ्यासह पाण्याची टाकी. बारकाईने पाहिलं तर प्रत्यक्ष आचेवर चढणारे नग पाचच: तीन पातेली, कुकर, कढई. या पाचांत चार माणसांचं दोन वेळचं जेवण होऊ शकतं, हे यादी करणाऱ्याला नीट ठाऊक होतं. आणि तवा? तवा यादीत नाहीच. तीन विटांच्या चुलीवर संसार मांडणाऱ्याकडेही तवा आधीपासून असतोच, असा हिशेब त्यामागे असावा असा माझा अंदाज. तो हिशेब मला पटतो. लाखभर रुपयांच्या मॉड्युलर किचनमध्ये यापेक्षा जास्त भांडी लागतात, हे मात्र मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही.

मग एवढी भांडी आपण घेतो कशाला? केवळ हौस म्हणून हा प्रश्न सुटत नाही. आपल्याकडे भांडं ही फार काळ ठेव होती. तांब्या-पितळेचं भांडं वजनावर घ्यायचं, आणि अडीनडीला ते गहाण पडायचं किंवा मोडीत घालून पैसे उभे करता यायचे. धनत्रयोदशीला सोनं न परवडणारा माणूस एखादं भांडं घ्यायचा तो याच भावनेने. जुन्या जरीच्या लुगड्यावर बोहारणीशी तासभर घासाघीस करून मिळवलेलं पातेलं हे त्या घरातल्या बाईच्या हक्काचं धन असायचं. त्यावर तिचं नाव असायचं, आणि घरातल्या फार थोड्या वस्तूंवर ते असायचं. तेव्हा दहा घागरी आणि चार घंगाळं असण्याला अर्थ होता. आता धातू बदलले, सवय राहिली. स्टीलला मोडीत फारसा भाव नाही, आणि कोटिंग उडालेला नॉनस्टिक तवा भंगारवाला उपकार केल्यासारखा नेतो. म्हणजे ठेव म्हणून घेण्याचं कारण संपलं. उरलं ते भांड्याचं काम. सुतार पटाशी घेताना ती कुठल्या लाकडावर चालवायची याचा विचार करतो, तसा विचार भांड्याबाबत करायला आपण नव्याने शिकायला हवं.

नव्याने म्हणण्यापेक्षा परत, असंच म्हणावं. जुन्या स्वयंपाकघरात धातूची वाटणी काटेकोर होती. पाणी तांब्यात. भात, आमटी, खीर कल्हईच्या पितळी पातेल्यात. पोळी-भाकरी लोखंडावर किंवा मातीच्या तव्यावर, फोडणी लोखंडी पळीत. लोणचं चिनीमातीच्या बरणीत, दही मातीच्या नाहीतर दगडाच्या भांड्यात. खानदेशात मांड्यांसाठी चुलीवर पालथं घातलेलं खापर, मालवणकडे माशाच्या कालवणाला मातीचं मडकं. या वाटणीला शास्त्र म्हणण्याची गरज कुणाला वाटली नाही. ताक पितळेत राहिलं की कळकतं, एवढं ज्ञान पुरेसं होतं. हे सुखवस्तू घरांचं चित्र आहे, हेही सांगायला हवं. पितळ ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्याकडे माती होती आणि नंतर ‘जर्मन’ची, म्हणजे ॲल्युमिनियमची भांडी आली.

कल्हईबद्दल थोडं थांबून लिहितो, कारण पितळेची हौस आता परत आली आहे आणि कल्हईचं भान तिच्याबरोबर आलेलं नाही. भंडारा हे पितळेच्या भांड्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. नाशिकचा भांडी बाजार, पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी, मुंबईचा तांबाकाटा इथे आजही चांगला माल मिळतो. तांबट आळीत तांब्यावर हातोडीने शेजारी शेजारी ठोके घालत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. दिसायला ती नक्षी वाटते, पण ठोक्यांनी धातू कडक होतो आणि पातळ पत्र्याचं भांडंही पोचे पडू देत नाही. असं भांडं घरी आणलं, रिल बघून त्यात आमसुलाची कढी केली, तर ती पोटात जाऊ नये. आंबट पदार्थात तांबं उतरतं. मध्ये कथलाचा थर हवा.

तो थर चढताना एकदा बघावा. कल्हईवाला रस्त्याच्या कडेला छोटा खड्डा करून त्यात कोळसे पेटवतो, भाता लावतो. भांडं आधी वाळूने घासून मळ काढलेलं असतं. सांडशीत धरून तो ते निखाऱ्यांवर फिरवत तापवतो, आत नवसागराची पूड टाकतो. पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठतो. तापल्या अंगाला कथलाची कांडी नुसती टेकवली की थेंब ओघळतो, आणि कापसाच्या बोळ्याने तो थेंब पसरवत नेला की पिवळं पातेलं बघता बघता आतून रुपेरी होतं. मग पाण्यात बुडवून चर्र. सगळं मिळून दोनेक मिनिटांचं काम. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून ते इतक्या सहज पसरतं. आणि म्हणूनच कल्हईचं भांडं रिकामं आचेवर ठेवायचं नसतं, त्यात मसाले कोरडे भाजायचे नसतात आणि तारेच्या घासणीने ते खरवडायचं नसतं. रोजच्या वापरात कल्हई वर्षातून एक-दोनदा लागते. तुमच्या भागात कल्हईवाला येत नसेल, तर पितळेचं पातेलं घेऊ नका. पाणी साठवायला तांब्याचा हंडा घ्या आणि हौस भागवा.

स्टेनलेस स्टीलने ही सगळी कटकट संपवली. शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने १९१३ मध्ये न गंजणारं पोलाद काढलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे बंदुकीच्या नळ्या होत्या. आपल्याकडे ते घरोघर पोचायला पुढे अर्धशतक गेलं. चिंच आणि राख घेऊन पितळ उजळत बसलेल्या बायकांना ही सुटका होती, आणि जुन्या भांड्यांचे गोडवे गाणाऱ्यांनी ती विसरू नये. स्टीलला कल्हई नको, आंबट चालतं, वास धरत नाही, पडलं तर आवाज फार होतो एवढंच. दोष एकच, पण मोठा: ते उष्णता नीट पसरवत नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण पंधरापट उष्णता वाहून नेतं, तांबं पंचवीसपट. पातळ स्टीलच्या पातेल्यात गॅसच्या ज्वाळेचं कडं जिथे लागतं तिथेच दूध धरतं आणि खीर त्याच गोल रेषेवर करपते, ती यामुळे.

यावरचा उपाय बाजारात तीन रूपांत मिळतो. तळाला बाहेरून तांब्याचा मुलामा दिलेली भांडी बहुतेक शोभेची. एवढ्या पातळ थराने आच पसरत नाही, घासण्याचं काम मात्र वाढतं. दुसरं, तळाला ॲल्युमिनियमची चकती दोन स्टीलच्या पत्र्यांत दाबलेली. ही बरी. पण पातेल्यापेक्षा बर्नर मोठा असला की ज्वाळा चकतीच्या बाहेर, बाजूच्या उघड्या स्टीलला चाटतात आणि तिथे करपतं. तिसरं, स्टील-ॲल्युमिनियम-स्टील असा तिपदरी पत्रा काठापर्यंत गेलेला, ज्याला दुकानात ट्राय-प्लाय म्हणतात. महाग आहे. तरी दूध, खीर, बासुंदी, साखरेचा पाक यांसाठी असं एक दोन-अडीच लिटरचं पातेलं घरात असावं, असं माझं ठाम मत आहे. भाज्या उकडायला, चहाला, पास्त्याला ते लागत नाही; पाण्याने भरलेल्या भांड्यात आच पसरवायचं काम पाणीच करतं. तिथे साधं स्टीलचं पातेलं, टोप, गंज, भगुणं, तुमच्याकडे जे म्हणत असतील ते, उत्तम.

दुकानात लोहचुंबक घेऊन जाणाऱ्यांसाठी एक खुलासा. चुंबक चिकटला नाही म्हणजे स्टील भारी, ही समजूत अर्धवट आहे. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असलेल्या ३०४ प्रतीच्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं. पण निकेल वाचवून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०० मालिकेतल्या स्टीललाही तो चिकटत नाही. म्हणजे या दोघांतला फरक चुंबकाने कळत नाही. प्रतीचा शिक्का आणि ओळखीचा दुकानदार हेच खरे. चुंबकाचा खरा उपयोग इंडक्शनवाल्यांना. भांड्याच्या तळाला तो घट्ट चिकटला, तर भांडं चालेल.

आता तवा. तव्यावर या पुस्तकात सगळ्यात लांब प्रकरण आहे आणि त्याबद्दल मी दिलगीर नाही. मराठी घरात एका तव्यावर भागत नाही, आणि तीन लागत नाहीत; दोन लागतात. पहिला घडीव लोखंडाचा, मधोमध किंचित खोलगट, पोळी-भाकरीचा. तो जाड हवा. भाकरी टाकून वरून पाण्याचा हात फिरवला की पातळ तवा एकदम थंड पडतो, पापुद्रा सुटत नाही, आणि मग दोष पिठाला मिळतो. दुसरा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. घावन, आंबोळी, धिरडी, डोसे यांचा. बीड सावकाश तापतं पण तापलं की उष्णता धरून ठेवतं, त्यामुळे एकामागून एक घावन सारख्याच जाळीचे उतरतात. नवा बिडाचा तवा घासून, तांदळाच्या धुवणात भिजवून, मग तेलाचा अगदी पातळ हात देऊन पुन्हा पुन्हा तापवायचा. तेलाचा प्रत्येक थर तापून लोखंडावर घट्ट बसतो आणि काळा, गुळगुळीत पृष्ठभाग तयार होतो. तेल जास्त झालं तर तो चिकट होतो, इथेच बहुतेकांचं बिनसतं. अर्धा कांदा सुरीला टोचून तेलात बुडवून तव्यावर फिरवायची कोकणातली रीत आजही सर्वांत सोपी: तेल बेताचंच लागतं आणि तवा किती तापलाय तेही कांद्याच्या आवाजावरून कळतं.

या दोन तव्यांची अदलाबदल करायची नाही. घावनाच्या तव्यावर पोळ्या भाजल्या की कोरड्या आचेने आणि पिठीने तो थर जातो आणि दुसऱ्या दिवशी पहिलं घावन तव्याचंच होतं. कोकणातल्या आज्या घावनाचा तवा दुसऱ्याच्या हाती देत नसत, ते उगाच नाही.

कढई एक लोखंडी असावी, मध्यम. तळण, झुणका, कोरड्या भाज्या, शेंगदाणे भाजणं हे तिचं काम. अळूचं फदफदं, चिंच-गुळाची आमटी, टोमॅटो यांना तिच्यात मज्जाव. लोखंड आंबटाशी रिॲक्शन करतं, रंग काळपट होतो, चव धातूची लागते. अन्नात थोडं लोह उतरतं हे खरं आणि चांगलंही, पण त्यासाठी भाजी रात्रभर कढईत ठेवायची नसते. झाली की काढायची, कढई धुऊन लगेच आचेवर कोरडी करायची.

कुकर घेताना सगळे लिटर विचारतात; मराठी माणसाने उंची आणि तोंड बघावं. आपण डाळ-तांदूळ थेट कुकरात क्वचितच लावतो. आपले डबे असतात: खाली वरण, वर भात, त्यावर झाकणीत बटाटे. तेव्हा प्रश्न आहे तो दोन डबे एकावर एक बसतात का आणि ते तोंडातून आत जातात का, हा. आतून बसणाऱ्या झाकणाच्या कुकरचं तोंड पोटापेक्षा अरुंद असतं. बाहेरून बसणाऱ्या झाकणाचा कुकर सरळ उभा असतो आणि डब्यांना सोयीचा. पुलाव, उसळ, मटण थेट शिजवणाऱ्याला दोन्ही सारखेच. शक्य असेल तर आपले डबेच पिशवीत घालून दुकानात न्यावेत. दुकानदार हसेल, हसू दे.

आत काय चालतं तेही थोडक्यात. शिट्टीचं वजन वाफेला सुमारे एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर दाबापर्यंत अडवून धरतं, आणि त्या दाबाला पाणी १०० ऐवजी १२० अंशांच्या आसपास उकळतं. तूरडाळ लवकर शिजते ती या वीस अंशांमुळे. शिट्टी म्हणजे जादा वाफ बाहेर पडल्याची खूण. ती शिजण्याचं माप नाही. एकदा दाब आला की आच मंद करून मिनिटं मोजणं हे गॅसलाही बरं आणि कानालाही. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरायचा नाही, फेस करणाऱ्या डाळी थेट शिजवायच्या तर निम्माच. आयएसआयचं चिन्ह सक्तीचं आहे ते बघून घ्यावं. आणि गास्केट, सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच कंपनीचे. मंडईबाहेर टोपलीत मिळणारे ‘सगळ्याला बसणारे’ नकोत.

नॉनस्टिकबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात आणि दोन्ही मला पटत नाहीत. १९३८ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रॉय प्लंकेटच्या हाती अपघाताने लागलेलं, नॉनस्टिकच्या थरातलं टेफ्लॉन स्वतः फार निष्क्रिय आहे. त्याची खपली पोटात गेली तर तशीच बाहेर पडते. ज्या पीएफओए या रसायनावरून गदारोळ झाला ते टेफ्लॉन बनवताना वापरलं जाई, आणि मोठ्या उत्पादकांनी ते केव्हाच सोडलं. काळजी घ्यायची ती उष्णतेची. २६० अंशांच्या पुढे हा थर बिघडू लागतो, आणि रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तिथवर पोचतो. त्या धुराने पिंजऱ्यातले पक्षी मरतात. म्हणून भाकरीला, भाजण्याला, वाटण परतायला नॉनस्टिक नको. ऑम्लेटला एक छोटा पॅन असू द्या, आणि तो काही वर्षांचा सोबती आहे हे धरून चाला.

पण नॉनस्टिकचं आयुष्य ठरतं ते आचेपेक्षा घासणीवर, आणि इथे एक अशी गोष्ट येते जी पाककृतींच्या पुस्तकांत कुठेच नसते. आपल्याकडे भांडी निवडणारी व्यक्ती एक, वापरणारी कधी कधी दुसरी आणि घासणारी बहुतेक वेळा तिसरी. सकाळी सहा घरांची भांडी उरकणाऱ्या मावशींना तुमच्या तव्यासाठी मऊ स्पंज आणि बिडाच्या कढईसाठी बिनसाबणाचं गरम पाणी हे वेगळं लक्षात ठेवायला सांगणं अन्यायाचं आहे. त्यांच्या हातात तारेचा काथ्या असतो आणि घड्याळ पुढे पळत असतं. तीन-चार किलोची बिडाची कढई तर त्यांनी का उचलावी? म्हणून साधा नियम: जे भांडं विशेष निगा मागतं ते स्वतः घासायची तयारी असेल तरच घ्यावं, आणि त्याची जागा मोरीत नव्हे, ओट्यावर असावी. ही तयारी नसेल तर स्टील आणि जाड ॲनोडाइज्ड ॲल्युमिनियम यांवर निर्धास्त संसार करावा. मनगट दुखणाऱ्या वयस्कर माणसांनी बिडाच्या नादी मुळीच लागू नये. घावनं घडीव लोखंडावरही होतात, जरा जपून.

पुस्तकाचा शेवटचा तिसरा भाग बेकिंगचा आहे. हे आपलं नव्हे, असं म्हणणाऱ्यांनी कोकणात डोकावावं. काकडीचं धोंडस किंवा कायस्थ प्रभू घरांतलं कोलंबीचं भानोलं पिढ्यान् पिढ्या वरखाली निखारे ठेवून भाजलं जातं: पातेलं चुलीवर, झाकणावर पेटते कोळसे. गोव्याचं बेबिंक तर वरच्या आचेचंच काम. एक थर ओतायचा, वरून भाजायचा, तूप लावायचं, मग पुढचा. असे सात थर. २०२३ मध्ये त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्यांच्याकडे हे नव्हतं ते तूप, पिठीसाखर, रवा, मैदा घेऊन सुटीत बेकरीवर जायचे आणि बेकरीवाल्याच्या पत्र्यांवर आपल्या नानकटाया भाजून डबा भरून आणायचे. पुढे काचेच्या झाकणाचा गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन आला, मग जुन्या पातेल्यात वाळू घालून केलेले केक. वाळूची युक्ती आजही चालते, फक्त त्यासाठी रोजचा कुकर वापरू नये. बिनपाण्याचा तापलेला कुकर गास्केट आणि व्हॉल्व्ह दोन्ही गमावतो.

बेकिंगचं पहिलं भांडं म्हणजे खरं तर भांडं नव्हेच, वजनकाटा आहे. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगल्यांच्या ‘रुचिरा’ने वाटीचं माप घरोघर रुजवलं आणि ते आपल्या स्वयंपाकाला शोभतं, कारण आपली मापं प्रमाणाची असतात: एक वाटी रवा, अमुक वाट्या पाणी. वाटी कुठलीही चालते. केकला ते चालत नाही. त्याच कपात मैदा चाळून घातला तर १२० ग्रॅम आणि दाबून भरला तर दीडशे. तेवढ्या फरकाने केक दडस होतो. दुसरी गोष्ट, ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर. घरगुती ओव्हनच्या बटणावर १८० लिहिलेलं असतं, आत काय असेल ते त्यालाच ठाऊक.

टिन घ्यायचे ते ओव्हन आल्यावर, आतली मापं घेऊन. टिनच्या चारही बाजूंनी इंचभर मोकळं राहायला हवं, गरम हवा फिरायला. साधा, फिक्या रंगाचा, सरळ काठाचा ॲल्युमिनियमचा टिन सर्वांत उत्तम; काळे टिन उष्णता जास्त शोषतात, केकची कड आत शिजायच्या आधी करपते. आकाराबाबत लोक फसतात ते गणितात. सहा इंची आणि आठ इंची गोल टिनमध्ये फरक दोनच इंचांचा दिसतो, पण तळाचं क्षेत्रफळ २८ चौरस इंचांवरून ५० वर जातं. सहा इंची टिनचं मिश्रण आठ इंचीत ओतलं की केक चपटा होतो, उलट केलं तर ओव्हनचा तळ धुवावा लागतो. चार माणसांच्या घराला एक सात इंची गोल, एक लांबट ब्रेडचा टिन, एक सपाट पत्रा आणि गार करायला जाळी एवढं पुरतं. जाळी अनेकजण गाळतात. मग केक खालून घामेजतो. हृदयाच्या आकाराचे, चोवीस कपांचे, सिलिकॉनचे साचे हौसेने घ्यावेत, गरजेने नाही. पुण्यात बोहरी आळी, मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या गल्ल्या या सामानासाठी पुरेशा आहेत.

मिक्सर, एअर फ्रायर, मायक्रोवेव्ह यांना या पुस्तकात जागा नाही. ती यंत्रं आहेत आणि दर वर्षी बदलतात. भावही दिलेले नाहीत, कारण पितळ-तांबं आजही किलोवर विकलं जातं आणि त्याचे दर छापखान्यातून पुस्तक बाहेर पडेपर्यंत हलतात. त्याऐवजी प्रत्येक भांड्याचं योग्य वजन आणि पत्र्याची जाडी दिली आहे, म्हणजे दुकानातल्या तराजूवर ते पडताळता येईल. मोदकपात्र, अप्पेपात्र, सोऱ्या, पुरणयंत्र ही सणावारी लागणारी भांडी वेगळ्या प्रकरणात आहेत. ती शेजाऱ्यांत किंवा बहिणींत मिळून एक घ्यावीत अशी सूचना तिथे केली आहे आणि तिच्यावर बहिणींचे मतभेद होतील याची कल्पना आहे. इंडक्शनवर स्वयंपाक करणाऱ्यांनी तव्याचं प्रकरण तूर्त ओलांडून थेट सपाट तळाच्या भांड्यांवर यावं. बाकीच्यांनी तव्यापासूनच सुरुवात करावी.